काका, त्या अडलेल्या काडतुसांबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘गप की आता’ म्हणून चहा टाकायला आत जाता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. शिवाय इथे टेक्ससमध्ये घरी रायफलची काडतुसं भरणारे आपले लोक थोडे असले तरी आहेत, आणि माझं जे अडलं होतं ते त्यांच्यापैकी कुणाचं तरी आज ना उद्या अडणारच.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: उडालेल्या काडतुसाची पितळी केस टाकून द्यावी लागत नाही. ती साफ करायची, प्रेसवर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची, मग ठिणगी देणारा नवा प्रायमर, मोजून दारू आणि वर नवी बुलेट. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. इथे मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात टेबल टाकून लोक हा उद्योग करतात. पैसे वाचतात हे घरी सांगायचं कारण. आपल्या रायफलला मानवेल असं काडतूस जमवण्याची हौस, हे खरं कारण. मी अजून कागदाखेरीज कशावर गोळी झाडलेली नाही, तरी ही हौस काही सुटत नाही.

माझी रायफल .३०८ विंचेस्टरची, बोल्टवाली, म्हणजे हँडल धरून बोल्ट पुढे सारला की चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) बंद होणारी. माप १९५२ पासूनचं, जगभर वापरातलं, त्यात गूढ असं काही नाही. तरीही माझ्या काडतुसांपैकी काही सुळकन आत जायची आणि काहींवर बोल्टचं हँडल अर्ध्यावर येऊन अडायचं. दिसायला सगळी सारखी, लांबीही पुस्तकात दिलेल्या २.८१० इंचांच्या आत.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला साइझिंग डाय, म्हणजे केस मापात आणणारी, आणखी खाली घे. दुसऱ्यानं केसचा बुडाकडचा भाग जास्त आवळणारी स्मॉल बेस डाय विकत घ्यायला सांगितलं. तिसऱ्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं की जरा जोर लाव, बसतं. एका दुकानात तर चेंबरच अरुंद आहे असं ठरवून ते कोरून रुंद करायला रीमर फिरवायचा भावही काढून दिला.

तुम्ही विचारलंत, ‘मोकळी केस जाती का?’

एवढंच. आणि हे कुणीच विचारलं नव्हतं.

काका, तुमची पुढची तासाभराची पद्धत मला जशीच्या तशी लिहून ठेवायची आहे. भरलेली काडतुसं तुम्ही आधी डब्यात घालून दुसऱ्या खोलीत ठेवलीत. घरात, टेबलावर, जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालून बघायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. मग बोल्टमधून फायरिंग पिन काढलीत, आणि तिच्यामागोमाग केस बाहेर फेकणारा इजेक्टरही. मला वाटलं इजेक्टर कशाला? तर त्याची स्प्रिंग केसला मागून एका बाजूला ढकलत असते, आणि हाताला जे लागतं त्यातलं किती केसचं आणि किती स्प्रिंगचं हे कळत नाही. दोन्ही काढल्यावर रिकाम्या चेंबरवर बोल्ट पुढे सारलात, हँडल वर धरलंत आणि सोडलंत. ते आपल्या वजनानं टक्कन खाली पडलं. ‘आता हा खोटं बोलणार न्हाई,’ म्हणालात.

मग साइझ केलेल्या मोकळ्या केसेस एकेक करून घातल्यात. बहुतेक सगळ्यांवर हँडल तसंच पडलं. ज्या दोन-चार अडल्या त्या वेगळ्या वाटीत. त्यांच्याकडे नंतर येतो. मग गेलेल्यांपैकी काही घेऊन त्यांवर माझ्याकडून नुसत्या बुलेट बसवून घेतल्यात, प्रायमर नाही, दारू नाही. काही क्षणांपूर्वी आत गेलेलीच केस, वर फक्त बुलेट, आणि आता हँडल अर्ध्यावर. म्हणजे साइझिंग डाय, चेंबर, स्मॉल बेस, रीमर, सगळ्यांची एका फटक्यात सुटका. जे बिघडत होतं ते बुलेट बसवतानाच बिघडत होतं.

मला तरीही वाटत होतं की बुलेट फार पुढे येऊन नळीत कोरलेल्या पेचांना टेकत असणार. तुम्ही काळा मार्कर मागितलात. ते डमी काडतूस टोकापासून बुडापर्यंत रंगवलंत, चेंबरमध्ये घातलंत, हँडल अडेल तिथवर हलकेच आणून परत बाहेर काढलंत आणि खिडकीशी धरलंत. बुलेटवर एक ओरखडा नाही. मान स्वच्छ काळी. आणि जिथे केसचं अंग संपून खांदा, म्हणजे मानेकडे निमुळता होणारा भाग, सुरू होतो त्या कडेवर बारीक, चकचकीत, पिवळी रेघ, गोल गोल सगळीकडून. मायक्रोमीटर लावलात तर मोकळ्या केसपेक्षा तिथे दोन थाउ जास्त. इंचाचे दोन हजारांश! डोळ्याला दिसणं शक्यच नाही, पण चेंबरला पुरेसं.

कारण तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. बुलेट बसवायच्या डायच्या आत केसचं तोंड आवळायला, म्हणजे क्रिम्पसाठी, एक कड असते. डाय ज्या केसवर लावली ती आखूड होती. .३०८ची केस जास्तीत जास्त २.०१५ इंच चालते आणि कापताना २.००५ला आणतात. माझ्या ढिगात ठिकठिकाणची पितळं होती, दर वेळी उडताना आणि साइझ होताना ताणून कमीजास्त लांब झालेली. आखूड केस त्या कडेला पोचायचीच नाही. लांब केसचं तोंड मात्र बुलेट पुरती बसायच्या आधीच कडेवर टेकायचं. माझ्या बुलेट गुळगुळीत, क्रिम्पसाठीची खाच नसलेल्या, त्यामुळे तोंडाला आत वळायलाही जागा नाही. वरून प्रेसचा जोर चालूच. मग पत्र्याचा डबा वरून दाबला की कुशीत फुगतो तशी केस खांद्याखाली फुगायची. ‘काही जातात, काही अडतात’ याचं कोडं तिथेच सुटलं.

इलाज करायला त्यानंतर पाच मिनिटंही लागली नाहीत. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ७१ थाउ. तुम्ही तोंडानं हिशेब करून डाय एक फेरा वर घेतलीत, रिंग आवळलीत आणि बुलेट बसवणारा आतला दांडा तेवढाच खाली आणलात. नवं डमी आत गेलं आणि हँडल पडलं. केसेस एका लांबीला कापायचं काम मात्र माझ्याकडे दिलंत, आणि ते किती कंटाळवाणं असतं हे तुम्हाला चांगलंच माहीत होतं.

आता त्या वाटीतल्या दोन-चार. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी रायफलमध्ये उडालेल्या, खांदा जास्त पुढे गेलेला. इथे डाय खरंच कमी पडत होती. मी म्हटलं, डाय तर शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून आणखी पाव फेरा खाली दिलेली आहे. तुम्ही म्हणालात, मोकळी टेकलेली आहे, केस असताना टेकती का बघ. केस आत घालून लीव्हर पूर्ण खाली दाबायला लावलात आणि मागून टॉर्च धरलात. डाय आणि शेलहोल्डरच्या मधून उजेडाची एक पट्टी आरपार दिसली. जोर आला की प्रेस तेवढी ताणली जात होती.

पण म्हणून डाय आवळत सुटायचं नाही, हेही त्याच बैठकीत सांगितलंत. माझ्याच रायफलमध्ये उडालेल्या केसचा खांदा कुठे आहे ते कंपॅरेटर नावाच्या मापकानं मोजून त्याच्यापेक्षा दीड-दोन थाउ मागे, बोल्ट रायफलला तेवढं पुष्कळ. प्रत्येक वेळी खांदा उगाच फार मागे ढकलला तर उडताना केस तेवढीच ताणते आणि बुडाच्या जरा वर आतून झिजते. मग एक दिवस बूड वेगळं आणि अंग चेंबरमध्ये. तुम्ही आकडा केलेली तार केसमध्ये घालून माझं बोट त्या जागी फिरवायला लावलंत. एका जुन्या केसमध्ये तार अडखळली. ती केस तुम्ही चिमट्यानं चेपूनच टाकलीत, म्हणजे मला पुन्हा मोह व्हायला नको.

भरून ठेवलेल्या काडतुसांचं काय, हे विचारायची मला भीती वाटत होती. उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. ज्यांच्यावर बोल्ट अडतो ती सगळी खोलायची. जोर लावून एखादं आत गेलंच, तर बाहेर येईल याची खात्री नाही. आणि बुलेट पेचांत अडकून केस तेवढी निघाली तर अॅक्शनभर, म्हणजे बोल्ट चालतो त्या सगळ्या भागात, दारू सांडते. गॉगल घालून, हातोडीसारखा तो बुलेट पुलर आपटत बसलो. शेजारी नव्वद टक्के वेळ तुम्ही बसून होता. मदत केली नाहीत, हे बरं केलंत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उमेदवारी केलेल्या माणसाला ‘मोजल्याशिवाय हलवायचं न्हाई’ हे वेगळं शिकावं लागलं नसेल. आणि कोल्हापूरचा विषय निघाला की तुमचं पुढचं वाक्य मला पाठ आहे: २०१० ला म्युनिकमध्ये नेमबाजीत ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या प्रकाराची, विश्वविजेती तेजस्विनी सावंत आमची, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून झाडायचं) ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला, म्हणजे तोही आमचाच. त्यांच्या .२२ रिमफायरची केस कुणी पुन्हा भरत नाही, प्रायमरचा मसाला बुडाच्या कडेतच असतो. तेव्हा हा सगळा उपद्व्याप त्यांच्या वाट्याला येत नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, म्हणून तर पदकं मिळतात.

तुमची ओळखीतल्या लोकांत ‘खडूस’ म्हणून ख्याती आहे. त्याला माझी हरकत नाही. डाय, रीमर, नवी प्रेस, यांतलं काहीही मला विकत घेऊ न देता तुम्ही माझं काम केलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा,
गॅरेजमधला उमेदवार

ता. क. मायक्रोमीटर रविवारी आणून देतो. बरोबर एक मित्रही येईल. त्याच्या ६.५ क्रीडमूर मापाच्या रायफलचा बोल्ट अडतोय आणि तो स्मॉल बेस डाय ऑर्डर करायच्या बेतात आहे. मोकळी केस जाते का, हे तपासूनच ये असं त्याला सांगून ठेवलंय.