ताळा जमला

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायचं राहूनच जात होतं, पण आज जे केलं ते तुलाच सांगावंसं वाटलं. जेवणं आटोपल्यावर चौकटीची वही घेतली आणि एक गुणाकार मांडला: ७,६१,८३,८२,५७,२८७ गुणिले १९,३७,०७,७२१. मोबाइल मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला.

हा गुणाकार आला कुठून, तर मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याकडून. २ चा कितवा घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची यादी त्याने १६४४ साली दिली. त्या यादीत ६७ होता. म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मूळ आहे, असं त्याचं म्हणणं. १८७६ मध्ये लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ते खोडून काढलं, ती संयुक्त आहे हे सिद्ध केलं. पण तिचे अवयव कोणते, हे त्यालाही सांगता येत नव्हतं!

मी अडकलो तो इथेच. संयुक्त म्हटलं की अवयव काढून दाखवायचे, एवढंच आपण शाळेत शिकलो. इथे अवयवाला हातही न लावता निकाल लागतो. लुकासच्या त्या कसोटीचं लेहमर या गणितज्ञाने पुढे सोपं केलेलं रूप तू आत्ता कागदावर करून बघ. सुरुवात ४ पासून. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची आणि पुन्हा तेच. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. तिच्यासाठी ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तिसऱ्या पायरीला शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. ६७ साठी अशा ६५ पायऱ्या चढाव्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. बस, निकाल लागला. अवयव मात्र दडलेलेच.

असं आजही घडतं. विसावी फर्मा संख्या घे: २ चा २० वा घात जेवढा येतो, तेवढा २ चा घात घ्यायचा आणि १ मिळवायचा. ती ३,१५,६५३ अंकी आहे. ती संयुक्त असल्याचं १९८७ पासून ठाऊक आहे, तरी तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही.

६७ चं कोडं कोल या अमेरिकन गणितज्ञाने सोडवलं. अवयव असलाच तर त्याला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागल्यावर बाकी १ उरायला हवी, एवढ्यानेच पुष्कळ संख्या गळतात. त्याने याहून बारीक चाळण्या लावल्या. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले म्हणतात. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत तो फळ्यापाशी गेला, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला माझा हा आजचा गुणाकार केला, आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला, अशी आठवण सांगतात. मला ती खरी वाटते. त्यावर बोलायचं तरी काय उरतं?

मला मात्र दोन तास लागले. गुणकात ७ तीनदा येतो, म्हणून ५३,३२,८६,७८,०१,००९ ही ओळ एकदाच काढून तीनदा उतरवली, दर वेळी घरं सरकवून. एकूण आठ ओळी. बेरीज झाल्यावर चौथीत बाईंनी शिकवलेला नऊचा ताळा घेतला, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलो. दोन्ही संख्यांचा ताळा १, तेव्हा उत्तराचाही १ यायला हवा. आला ९. म्हणजे कुठेतरी हातचा एक सुटला होता. उजवीकडून एकेक उभं घर पुन्हा तपासत गेलो आणि अकराव्या घरात तो सापडला. नवी बेरीज मांडली, अंकांची बेरीज १०९ झाली, मग १०, मग १. ताळा जमला! त्या क्षणी कुणाला तरी हाक मारावीशी वाटली, आणि पहिलं नाव तुझंच आठवलं.

वहीचं ते पान सोबत पाठवतो आहे. खाडाखोड तशीच ठेवली आहे. तू २०४७ घे, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १. ४ पासून नऊ पायऱ्या कर आणि शेवटची बाकी काय येते ते कळव. अवयव आधी शोधायचे नाहीत, बरं का.

तुझाच