कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, मोटर दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्या मामांना, पहिली करवत निवडून दिल्याबद्दल

नमस्कार मामा,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे ओ ताई" म्हणता, पोराला चहा आणायला पिटाळता आणि परत आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, डोकं घालता, मग मला जे सांगायचंय ते राहूनच जातं. आणि दुसरं म्हणजे लाकूडकामाचं पहिलं मशीन घ्यायला निघालेली माझ्यासारखी अजून बरीच मंडळी असणार, तुम्ही मला काय सांगितलंत ते त्यांनाही कळलं तर बरंच आहे.

आधी बातमी सांगते, कटिंग टेबल झालं. 8 फूट लांब, साडेतीन फूट रुंद, उंची 36 इंच, म्हणजे कापड बेतताना आता कंबर वाकवावी लागत नाही, आणि खाली ताग्यांसाठी कप्पे. प्लायची 8 फुटी कड मी स्वतः कापलीय आणि तिला लोखंडी पट्टी लावून बघितली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठं उजेड दिसत नाही. ती कड मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते.

तुमच्याकडे मी आले होते शिलाई मशीनच्या मोटरचं काम घेऊन, करवतीचा विषय सहज निघाला. तोवर मला सगळीकडून सल्ले मिळून झाले होते. भाचा म्हणत होता टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली करवत घे, खरं लाकूडकाम त्याच्यावरच होतं. दीर म्हणत होते कशाला खर्च करतेस, फरशी कापायचा 4 इंची कटर घे, त्याला लाकडाचं ब्लेड लाव, सगळे मिस्त्री तेच वापरतात. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात तर कॅटलॉग पुढे सरकवून आधी बजेट विचारलं, मी 8000 म्हटलं की 8000 चंच मशीन निघालं. तुम्ही एकटेच असे भेटलात की मशीनचं नाव घ्यायच्या आधी विचारलंत, "ताई, कापणार काय ते सांगा आधी." मी म्हटलं टेबल करायचंय. "टेबल कळलं ओ, कापणार काय काय? लिहा बघू." आणि जुन्या बिलाच्या पाठीमागे मला यादी करायला लावलीत. 18 मिलिमीटरचा प्लाय, 8 बाय 4 चा, लांबीत कापायचा. कप्प्यांच्या फळ्या, आडव्या कापायच्या. पाइनचे दोन इंची चौरस पाय. गोलाईचं काम शोधून शोधून एकच निघालं, तेही नंतर कधीतरी करायच्या रिळांच्या रॅकचं. मग तुम्ही पेन घेऊन सरळ कापांना खुणा करत गेलात आणि म्हणालात, ह्यात गोल काहीच न्हाई, मग मशीन सरळ कापणारं पाहिजे. माझा निम्मा गोंधळ तिथंच संपला.

टेबल सॉ का नको हे तुम्ही जागेवरून आणि वजनावरून सांगितलंत ते मला फार पटलं. 18 मिलिमीटरची अख्खी शीट तीस किलोच्या आसपास भरते, ती एकटीने उचलून टेबलावर सरळ धरून ब्लेडमध्ये ढकलायची म्हणजे आजूबाजूला शीटच्या दुप्पट जागा आणि धरायला दुसरा माणूस हवा, माझी खोली 10 बाय 12 ची. शीट हलवण्यापेक्षा शीट खाली ठेवून मशीनच तिच्यावरून फिरवायचं, घरात काम करणाऱ्याला हेच सोयीचं. मायटर सॉ, म्हणजे वरून खाली दाबून कापायची करवत, तर यादी बघूनच निकालात काढलात, ती पट्ट्या आणि पाय आडवे कापायला छान, पण प्लाय लांबीत कापणार कशाने.

आता मला जे सगळ्यात जास्त मनापासून सांगायचंय ते त्या 4 इंची कटरबद्दल. तुमच्या फळीवर तसे दोन-तीन दुरुस्त करून ठेवलेले होते, विकायलाच होते, आणि मी तर दिरांच्या सांगण्यावरून तेच बघत होते. दुसऱ्या कुणी लगेच पुसून पिशवीत घालून दिला असता. तुम्ही तो खाली काढलात, ब्लेडच्या खालच्या बाजूला बोट दाखवलंत आणि म्हणालात, हितं झाकण बघा, हाय का? नव्हतं. हे मशीन फरशीसाठी केलेलं, फरशीच्या डिस्कला दात नसतात, म्हणून खालून आपोआप बंद होणारं झाकण नाही, आणि स्पीड 12000 च्या वर, त्याला दाताचं ब्लेड लावलं की कापून झाल्यावरही उघडे दात गरगर फिरत राहतात आणि हात, मांडी, वायर काहीही त्याच्या वाटेत येऊ शकतं. शिवाय कापाची खोली मिळते जेमतेम सव्वा इंच, माझ्या टेबलाचे दोन इंची पाय एका कापात तुटलेच नसते. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावतात त्याबद्दल विचारल्यावर तुम्ही नुसते हात जोडलेत, "ते तर कदीच नगा." इतक्या वर्षांत दुरुस्तीला आलेल्या मशीनबरोबर कुणाच्या बोटांच्या काय काय कहाण्या आल्या त्यातल्या दोन तुम्ही सांगितल्यात, त्या इथं लिहीत नाही, पण वाचणाऱ्यांनो एवढं ऐका, 4 इंची ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी ब्लेड चढवू नका, कुणीही कितीही सोपं आहे म्हणून सांगू दे. मामा, तुमचं विकायचं मशीन तुम्ही मला विकलं नाहीत, हे मी विसरणार नाही.

मग जिगसॉ. तुमच्या मुलाची जिगसॉ लावून तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि मला ती लगेच आवडली, कारण हातात धरल्यावर ती अगदी शिलाई मशीनच वाटली, सुईसारखं पातं खालीवर, आणि खालची पट्टी कापडावर दाब टेकतो तशी लाकडावर टेकलेली. नंतर वाचलं तर हकिकत खरंच तशीच सांगतात, 1946 साली स्वित्झर्लंडमध्ये अल्बर्ट कॉफमान नावाच्या इंजिनिअरने बायकोच्या शिलाई मशीनला सुईच्या जागी करवतीचं पातं लावून बघितलं आणि त्यातून जिगसॉ निघाली. मला वाचून इतका आनंद झाला! पण त्या दिवशी तुम्ही काय केलंत, तर मी कापलेला तुकडा उचलून दाराशी उजेडात नेलात आणि गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून माझ्यासमोर धरलात. वरची रेघ बरी होती, पण जाडीत पातं खाली वाकलं होतं, गुण्याच्या आणि लाकडाच्या मधून खालच्या बाजूला उजेडाची बारीक पाचर दिसत होती. पातं वरूनच धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं, जोर दिला की वाकतं. रॅकच्या गोलाईला चालेल, दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या तर चालणार नाही. दहा मिनिटं नुसतं बोलून मला हे कळलं नसतं.

म्हणून सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल ब्लेडची हातात धरायची करवत, सव्वासात इंची, म्हणजे 185 मिलिमीटर ब्लेडची. सरळ उभी धरली तर 65 मिलिमीटरच्या आसपास खोल जाते, प्लाय झाला, पाय झाले, पुढे कधी दार करायचं म्हटलं तरी पुरेल. खालचं झाकण स्प्रिंगचं, लाकडातून बाहेर आलं की आपोआप मिटतं. कंपनी कुठली ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, दुकानात काय तपासायचं तेवढं सांगितलंत आणि मला तेच जास्त उपयोगी पडलं. झाकण हाताने मागे ओढून सोडायचं, खटकन जागेवर आलं पाहिजे. खालची प्लेट जाड हवी, पत्र्याची लवचिक नको, ब्लेड आणि प्लेटची कड समांतर आहे का दोन्ही टोकांना मोजून बघायचं. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) आणि आर्मेचर कोल्हापुरात मिळतं का ते दुकानदाराला विचारायचं, नाहीतर एका ब्रशसाठी मशीन पडून राहतं. आणि वजन, चार किलोचं मशीन दोन्ही हातांनी धरून हात लांब करून बघायचं. दुकानदाराला वाटलं मी मेकॅनिकच आहे.

वायरचं तुम्ही सांगितलं नसतंत तर मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं असं वाटत नाही. 1400 वॅटचं मशीन म्हणजे 230 व्होल्टवर 6 अँपिअर, आणि चालू होताना त्याहून जास्त ओढतं, म्हणून मोबाइलच्या पॉइंटवर नाही, 16 अँपिअरच्याच पॉइंटवर. एक्स्टेंशन तांब्याचं, दीड स्क्वेअर एमएमचं, आणि गुंडाळीचं असेल तर पूर्ण उलगडून. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मशीन धापा टाकतं, माणूस अजून जोर लावतो आणि आर्मेचर जळून तुमच्या टेबलावर येतं. "माझा धंदा हाय तो, पण तुमच्याकडनं नको," म्हणालात! बोथट ब्लेडचंही तेच, कापेना म्हणून ढकलायचं नाही, धार लावून आणायची. मशीनबरोबर आलेलं 24 दातांचं ब्लेड पाइनच्या पायांना ठेवा आणि प्लायला कार्बाइडच्या टोकांचं 60 दातांचं घ्या, मधलं भोक मशीनच्या मापाचं आहे का बघून, हे तुम्ही त्याच बिलावर लिहून दिलंत.

आता पहिल्या कापाचा दिवस. शीट जमिनीवर, खाली दोन इंची थर्माकोलची शीट, म्हणजे कापलेले दोन्ही भाग शेवटपर्यंत टेकलेले राहतात. तुम्ही समजावलं होतंत की शीट मधे लोंबली की फट मिटते, ब्लेड आवळलं जातं आणि मशीन उसळी मारून अंगावर येतं, म्हणून मशीनच्या मागे सरळ रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला. ब्लेडची खोली प्लायच्या खाली दात दिसण्यापुरती, 5 मिलिमीटर. चांगली बाजू खाली, कारण ह्या मशीनचे दात खालून वर येतात आणि छिलके वरच्या बाजूला उडतात, वर मास्किंग टेपही लावली. ओढणी काढून ठेवली, बांगड्या काढल्या, वेणी आत खोचली, हे तुम्ही जरा संकोचत सांगितलं होतंत पण बरं झालं सांगितलंत, बायकांना हे कुणी सांगत नाही. चष्मा, कानात बोळे, आणि एन 95 मास्क, कारण लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्येच कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरलंय आणि माझ्या खोलीत माझी मुलगी अभ्यासाला बसते, त्यामुळे कापणं फक्त अंगणात, हा नियमच केला.

आणि तुमची ती गाइड पट्टी! 6 मिलिमीटर प्लायची लांब पट्टी, तिच्यावर 12 मिलिमीटरची दुसरी अरुंद पट्टी, कंपनीत कापलेली सरळ कड मशीनच्या बाजूला करून चिकटवायची आणि स्क्रू मारायचे, मग मशीन त्या कडेला घासत एकदा शेवटपर्यंत चालवायचं, खालच्या प्लायचा जास्तीचा भाग कापला जातो आणि जी कड उरते तीच आपल्या ब्लेडची जागा. त्यानंतर माप घेताना पेन्सिलीच्या रेघेवर ती कड ठेवायची, क्लॅम्प लावायचे, झालं, प्रत्येक वेळी प्लेटची रुंदी वजा करत बसायला नको. फक्त ब्लेडची जाडी नको असलेल्या बाजूला जाऊ द्यायची, नाहीतर फळी दोन मिलिमीटरने छोटी भरते. बाजारात ट्रॅकवाली करवत ह्याच कामासाठी केवढ्याला मिळते ते मी बघितलंय, माझी पट्टी उरलेल्या प्लायमध्ये झाली.

बटण दाबलं, ब्लेड पूर्ण वेगात येऊ दिलं आणि मगच लाकडाला लावलं. आवाज मोठा आहे, पण जोर लावावा लागत नाही, पट्टीला टेकवून हलकं पुढे सरकवत राहिलं की ते सरळ जातं. शेवटच्या फुटाला माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवलाय. बटण सोडलं, ब्लेड थांबेपर्यंत मशीन तसंच धरलं, प्लग काढला आणि मग फळी उलटी करून बघितली. खालची बाजू कात्रीने कापल्यासारखी साफ.

मामा, तुमच्या दुकानाबाहेर पाटी मोटर वाइंडिंगची आहे, सल्ल्याचे तुम्ही कुणाकडून पैसे घेत नाही आणि माझ्याकडूनही घेतले नाहीत, म्हणून निदान हे लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही. एका शिंपिणीला लाकूडकाम कशाला असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, चेहऱ्यावरही आणलं नाहीत, त्याचे वेगळे आभार.

60 दातांच्या ब्लेडची धार उतरायला लागलीय असं वाटतंय, प्लायच्या कडेला करपल्यासारखी रेघ येते. टिंबर मार्केटला जाईन तेव्हा धारेला टाकते, कुणाकडे टाकू ते सांगा. आणि आता रिळांच्या रॅकची पाळी आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना गोलाई काढायचीय, तेव्हा तुमच्या मुलाने ती जिगसॉ विकायची ठरवली असेल तर दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी मला फोन करायला सांगा. पुढच्या आठवड्यात यादी लिहूनच येते.

तुमची,
शिलाई मशीनवाली ताई