स्मरणिकेसाठी फोटो पाठवताना

सभासदहो,

फोटो देण्याची मुदत येत्या रविवारी रात्री ९ वाजता संपते. गेल्या वेळी बरेच फोटो छपाईत फुटले, म्हणून आधीच सांगतोय.

• छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा. ६ बाय ४ इंचांच्या फोटोला १८०० बाय १२००, तर पूर्ण ए-४ पानाला ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात. लहान फोटो ताणून आकडा वाढतो, चेहरा स्पष्ट होत नाही.

• व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, म्हणजे फाइल लहान होऊन बारकावे जातात. स्क्रीनशॉट तर नकोच.

• मात्र मूळ फाइलबरोबर तिच्यातली एक्झिफ माहितीही जाते: तारीख, वेळ, मोबाइलचे मॉडेल आणि कॅमेऱ्याचे लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. सोफ्यावर झोपलेल्या मांजराचा फोटोसुद्धा तुमच्या घरापर्यंत रस्ता दाखवतो! त्यामुळे मूळ फाइल ग्रुपवर टाकू नका, फक्त संपादकांना खासगीत पाठवा. छपाईआधी लोकेशन आम्ही काढून टाकू.

• मुलांचे फोटो पालकांना विचारूनच. मागे गाडीची नंबरप्लेट दिसत असेल तर तेवढा भाग कापा.

– संपादन समिती