तोच रस्ता एकदा उलटा मारून बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सायकल घेतली, जोशात चालवली आणि आता ती धूळ खात पडलीय असे बरेच जण ओळखीत आहेत, विचारलं की सगळ्यांचं एकच, रोज तेच रस्ते, बोअर होतं. याला आळस म्हणून कुणी टोचून बोलू नये, कंटाळा खराच असतो. पण सायकल विकायच्या आधी तोच रस्ता एकदा उलट्या दिशेने मारून बघा. खरंच वेगळा लागतो! जिथे पेडल न मारता सुसाट उतरायचो तिथेच हलका गिअर टाकून चढावं लागतं, पाठीवरचा वारा तोंडावर येतो आणि पाठ झालेली वळणं पुन्हा नीट बघून घ्यावी लागतात.

एव्हरेस्टिंग करणारे तर एकच चढ निवडून त्यावरच वर-खाली करत राहतात, एकूण चढाई ८,८४८ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीएवढी होईपर्यंत. एवढं सगळ्यांनी करावं असं मुळीच नाही, पण एकाच चढावर माणसं एवढा वेळ रमतात हे मला फार भारी वाटतं.

ज्यांना समोर टार्गेट लागतं त्यांच्यासाठी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड आहे, २०० किमी साडेतेरा तासांत, रेस नाही, नंबर नाही, वेळेत पोचलं की झालं. त्याची तयारी करताना जुन्या रस्त्यालाही काम मिळतं.

आपल्या पेपरात वाचकांनी शोधलेल्या सायकल रूटसाठी दर आठवड्याला थोडी जागा द्याल का? प्लीज विचार करा.

आपला,
एक सायकलवेडा वाचक