सर्व्हर कुठे आहे ते करारात लिहून घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे रावेर, यावल, चोपड्याच्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्यात, केळीच्या गाड्यांचा, खताचा, सभासदांच्या पैशाचा हिशोब आता क्लाउडवर जायला लागलाय, चांगलंच आहे. पण सॉफ्टवेअर घेताना संचालक मंडळी महिन्याचं भाडं किती आणि मोबाईलवर चालतं का एवढंच विचारतात. डेटा कुठे राहणार हे कोणी विचारलंच तर उत्तर येतं, "दादा, क्लाउडवर आहे, टेन्शन नका घेऊ." अहो पण क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी गावातलं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरची, मोठ्या कॉम्प्युटरांची इमारतच ना, मुंबईतलं नाहीतर सिंगापूरचं नाहीतर अमेरिकेतलं.

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली येते हे आपण विसरतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हिशोबाचे नियम बदलले आणि वह्या कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप, म्हणजे जादा प्रत, भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यायचा असं ठरलं. मुख्य सर्व्हर देशाबाहेर असला तरी चालतो, बॅकअप मात्र इथेच पाहिजे, आणि सेवा देणारा कोण, सर्व्हर कुठे, हे दरवर्षी कंपन्यांच्या रजिस्ट्रारला कळवावं लागतं. ही जबाबदारी कंपनीची आहे, सॉफ्टवेअर विकणाऱ्याची नाही!

नागरी सहकारी बँकांचं तर अजून कडक. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला सांगून टाकलं की पेमेंटचा सगळा डेटा फक्त भारतात ठेवायचा, प्रोसेसिंग बाहेर झालं तरी एका दिवसाच्या आत तो इकडे आणायचा आणि तिकडचा पुसायचा. मास्टरकार्डसारख्या कंपनीला यावरून जुलै २०२१ पासून जवळपास वर्षभर नवे ग्राहक घेता आले नाहीत, मग आपल्या बँकांनी हे हलक्यात घेऊन कसं चालेल.

आता दुसरी बाजू, आणि मला जास्त राग याचाच येतो. काही विक्रेते "नवीन कायदा आलाय, सगळा डेटा भारतातच लागतो" असं घाबरवून ऑफिसात ठेवायचा महागडा सर्व्हर गळ्यात मारतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असं सरसकट बंधन नाहीये, सरकार ठराविक देशांना डेटा पाठवायला बंदी घालू शकतं, आणि बँकेसारखे कडक नियम जिथे आधीच आहेत तिथे ते तसेच लागू राहतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, लाईट कधी जाईल भरवसा नाही, अशात मागच्या खोलीतली ती पेटी किती दिवस टिकणार?

आणि तशी गरजच उरलेली नाही. ॲमेझॉनचं डेटा सेंटर मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे, गुगलचं मुंबई आणि दिल्लीत. ॲमेझॉनचं हैदराबादचं सेंटर २०२२ च्या शेवटी सुरू झालं, त्याआधी त्यांच्याकडे मुंबई बंद पडली तर दुसरी प्रत ठेवायला भारतात दुसरं शहरच नव्हतं. आता आहे, तर मूळ डेटा आणि बॅकअप एकाच शहरात ठेवून घेऊ नका.

फक्त सर्व्हर मुंबईत आला म्हणजे सगळं झालं असंही नाही. कंपनी अमेरिकन असेल तर २०१८ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांचं सरकार अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवरचा डेटाही त्या कंपनीकडे मागू शकतं. केळीच्या हिशोबाला त्यानं फार फरक पडत नाही, पण दवाखान्याच्या, सभासदांच्या आधारच्या नोंदी असतील तर भारतीय कंपनीची सेवा घ्यायची का याचा विचार व्हायला पाहिजे.

माझी विनंती एवढीच की कृषी विभागानं आणि जिल्ह्यातल्या सीए मंडळींनी मिळून मराठीत एक पानी नमुना करार तयार करावा, त्यात सर्व्हरचं शहर, बॅकअपचं शहर आणि सेवा सोडली तर आपला डेटा किती दिवसात, कुठल्या स्वरूपात परत मिळेल हे लिहिलेलं असावं, आणि आपल्या पेपरनं तो छापावा.

आपला एक वाचक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव