लिंबू पाजून एलएसडी उतरत नाही

महोदय,

डिसेंबरात गोव्याच्या पार्ट्यांतून एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ जप्त झाल्याच्या बातम्या येतात, पण तो ज्या कागदी तिकिटावर टिपून विकतात, त्यावर नेमके काय असते हे मुलांना कुणी सांगत नाही. एलएसडीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. नखाएवढ्या कागदावर ते किती टिपले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्याच नावाखाली एनबोमे गटातली, तशीच नशा देणारी वेगळी रसायनेही खपवली जातात. जिभेला कडवट लागतात, झटके येतात, ताप भडकतो, आणि त्यात मृत्यूही झाले आहेत.

अंमल चढायला अर्धा-एक तास लागतो. ‘काहीच होत नाही’ म्हणून मुलगा दुसरा तुकडा घेतो आणि तिथेच फसतो. मग दहा-बारा तास सुटका नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर या नशेतून मनोविकार उफाळू शकतो. मनोविकारावरच्या लिथियमच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना झटक्यांचा धोका.

मित्र घाबरला, तर त्याला बाल्कनी, पाणी, रस्ता यांपासून दूर न्या, आवाज-उजेड कमी करा, एकटे सोडू नका. लिंबू-ताक पाजण्याचा आपला आवडता उद्योग इथे निरुपयोगी. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जाते. बेशुद्धाला कुशीवर वळवा. अंग तापले, झटका आला तर १०८. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका. यावर उतारा नाही. शांत करणारी औषधे देऊन लक्ष ठेवतात.

अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. पोलिसांची जनजागृती पत्रके ते का छापत नाहीत?

— एक वाचक, म्हापसा