टिटवीसाठी सोडलेलं वावर

दर्यापूर

प्रिय गजानन,

तुझं पत्र आलं. काकू गेल्यापासून लेक गप्प झाली, जेवते तेवढी अन् पुन्हा खिडकीशी जाऊन बसते, हे वाचून जीव कासावीस झाला. तू रोज तिच्यासमोर बसतोस, "काय होते, सांग ना बाई" म्हणून विचारतोस. तुझी तळमळ मला समजते. तरी एक सांगावंसं वाटते, आणि त्यासाठी आबांच्या वावरात जावं लागेल.

मी तिसरी-चौथीत असेन. रोहिण्या लागायच्या होत्या, आबा वखरपाळी करत होते अन् मी ढेकळं तुडवत मागंमागं. एकाएकी टिटवी ओरडत बैलांच्या तोंडापुढं आली आणि पंख पसरून उभी राहिली. बैल थबकले. आबांनी इकडंतिकडं पाहिलं, मग बोटानं दाखवलं. उघड्या जमिनीत उथळ खळगा, कडेला बारीक खडे, आत मातकट रंगावर काळे ठिपके असलेली चार अंडी. दाखवलं नसतं तर मातीच वाटली असती. आबांनी वखर उचलला, बैल वळवले, आणि खाटेएवढी जागा सोडून पलीकडून पुन्हा तास धरला.

मला वाटलं, अंड्यांवर ऊन पडते, आपण सावली धरावी. मी तिथंच उभा राहिलो. आबांनी हाक मारली, "मांगं ये बापू. तू उभा हायेस तवर थे बसत नाई. उन्हात अंडे शिजतीन."

त्या उन्हात हे खरंच होतं रे. आपल्याकडचा मे तू जाणतोस, पारा ४५ च्या घरात. भर दुपारी टिटवी अंड्यांवर ऊब द्यायला नाही, सावली धरायला बसते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते अन् त्या ओलाव्यानं अंडी थंड ठेवते. मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन बसलो, तेव्हा कुठं ती उतरली. तीही थेट नाही; थोडं चालली, थांबली, माझ्याकडं पाहिलं, मग बसली.

गावात लोक म्हणत, चार अंडी म्हणजे चार महिने पाणी. आबा ऐकून घेत. पण त्यांनी जागा सोडली ती पावसाच्या आशेनं नव्हे, एवढं मी छातीठोक सांगतो. चार आठवडे तरी ती बसते. तेवढे दिवस आमच्या घरचं कोणी त्या बाजूनं गेलं नाही. न्याहारी घेऊन येणारी आजीसुद्धा लांबच्या धुऱ्यानं यायची. पिल्लं निघाली तशी पायानं चालत निघून गेली. नंतर तिफण फिरली, तेव्हा त्या तुकड्यात आबांनी हातानं तूर टोकली.

माया म्हणजे जवळ जाणं, असंच मी तोवर समजत होतो. आबा दूर बसून जीव लावत.

म्हणून म्हणतो गजा, काही दिवस तिला विचारू नको. त्याच खोलीत तुझं काम घेऊन बस, हिशेबाची वही घे, नाहीतर तूर निवड. तिच्याकडं पाहत बसू नको. ती बोलेल तेव्हा हातातलं खाली ठेव. वहिनींनाही हे सांग. पाहुणे येऊन पोरीला खोदून विचारतात, त्यांना त्याच आवरू शकतील.

आणि मृगाच्या आधी तिघं इकडं या. पोरीला वावरात एकटीला हिंडू दे, मी फक्त जेवायला हाक मारीन. कोणत्या एसटीनं येता ते कळव, स्टँडवर येतो.

तुझा,
बापू